तंबाखूचे व्यसन आणि आळंदीची माळ

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा महाराष्ट्रास तंबाखू ठाऊक नव्हती. ही अमेरिकेतील वनस्पती पोर्तुगीजांमार्फत येथे आली. १६०४ च्या सुमारास असद बेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली.

मराठीत ‘तलफ येते’, ‘व्यसन जडते’ असे म्हणतात. या प्रयोगांत मनुष्य कर्ता नसतो, आणि ते यथार्थच आहे. निकोटीनला सरावलेला मेंदू काही तासांतच ते पुन्हा मागतो. न मिळाल्यास चिडचिड व अस्वस्थता होते. म्हणूनच हानी ठाऊक असूनही विडी सुटत नाही.

‘माळ घालणे’ या प्रयोगात मात्र मनुष्य कर्ता असतो. माळकऱ्याचा मद्यमांसत्याग चारचौघांसमक्ष होतो आणि दिंडीतील सोबती तो सांभाळतात. तंबाखूच्या बाबतीत तितकी कसोशी सर्वत्र पाळली गेली नाही. टाळाबरोबर चंची बाळगणारे वारकरीही आढळतात.

तथापि मार्ग तोच आहे. जाहीर संकल्प आणि सोबत यांना समुपदेशनाची व निकोटीनयुक्त गोळी वा पट्टीची जोड मिळाल्यास व्यसन सुटण्याचा संभव वाढतो, असे आधुनिक वैद्यक सांगते. केवळ निश्चयाचा अभाव म्हणून व्यसनी मनुष्यास दोष देणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.