माणसं निम्मी, मैदान तेवढंच

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये मला पहिल्यांदा रग्बी सेव्हन्सच्या सामन्यात उतरवलं. हत्यारासह 5 किलोमीटरची धाव मी आरामात काढायचो. सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये फार तर दोन मिनिटं विश्रांती, एवढ्याशा खेळाचं मला हसूच आलं. चौथ्या मिनिटाला मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो होतो आणि समोरचा गडी चेंडू घेऊन शेजारून निघून गेला. त्या लाजेपोटी मी या खेळाचा इतिहास वाचायला घेतला.

कोलकात्यात रग्बी 1872 च्या नाताळात खेळली गेली. पुढे क्लबही निघाला. पण रग्बी खेळणारी गोरी पलटण बदलून गेली, उरलेले पोलोकडे वळले. पैसा होता, माणसं नव्हती. शेवटी क्लबने खात्यातले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून घेतला. नागाच्या मुठी, झाकणावर हत्ती. तो 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी भिडतात.

पाच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावात नेमकं उलटं झालं. तिथे माणसं होती, क्लबकडे पैसा नव्हता. नेड हेग नावाच्या खाटकाने स्पर्धा भरवून निधी उभारायची युक्ती काढली. पण पंधरा-पंधराचे इतके संघ एका दुपारीत खेळवायचे कसे? म्हणून त्याने संघ सातचे केले आणि सामना 15 मिनिटांचा. मैदान मात्र कापलं नाही. एप्रिल 1883 मधल्या त्या अंतिम सामन्यात मेलरोज आणि शेजारचं गाला बरोबरीत अडकले. जादा वेळेत मेलरोजने ट्राय केला आणि जिंकलो म्हणत थेट मैदान सोडलं. गालावाले ओरडत राहिले. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, वेळ अजून शिल्लक होता!

माझी फजिती त्या न कापलेल्या मैदानात होती. 100 मीटर लांब, 70 मीटर रुंद, म्हणजे एकेका गड्याच्या वाट्याला 1000 चौरस मीटर राखण. अर्धी कंपनी रजेवर असताना पूर्ण पोस्टचा पहारा ज्यांनी दिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. एका सामन्यात गडी दीड किलोमीटरच्या आसपास धावतो, पण एका लयीत नाही. जीव तोडून धाव, टॅकल, जमिनीवरून उठणं, पुन्हा धाव. स्नायूंतली झटक्याची ताकद भरून यायला काही मिनिटं लागतात, इथे सेकंद मिळतात. माझी लांब धाव तिथे कामाची नव्हती.

वर दिवसाला दोन-तीन सामने. रिओ ऑलिंपिकला, 2016 मध्ये, फिजी तीन दिवसांत सहा सामने खेळली आणि अंतिम सामन्यात ब्रिटनला 43-7 असं लोळवून देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक घेऊन गेली. त्यांची तयारी सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर झाली होती. राजस्थानात वाळूवर धावलेल्यांना पिंडऱ्या आठवतील.

मीही नंतर लांब धाव कमी करून 40 मीटरच्या दौडी सुरू केल्या. पुढच्या वेळी सहाव्या मिनिटापर्यंत टिकलो.