धर्मसत्ता, नास्तिकसत्ता आणि भिलाई

४ फेब्रुवारी १९५९ रोजी, तेव्हाच्या मध्यप्रदेशातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९५५ साली भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला होता. वर्षाला दहा लक्ष टन पोलादाचे पहिले उद्दिष्ट, अडीच टक्के व्याजाचे कर्ज आणि रशियन तंत्रज्ञांचे साहाय्य, असे त्या कराराचे स्वरूप होते. हा सारा औद्योगिक इतिहास आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्या दिवसाकडे राज्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर तो एका वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहण्याजोगा ठरतो.

ज्या राष्ट्राने ही भट्टी बांधून दिली, त्या राष्ट्रात त्याच काळात क्रुश्चेव्ह यांच्या कारकिर्दीतील धर्मविरोधी मोहीम सुरू होती आणि हजारो प्रार्थनामंदिरांना टाळी लागत होती. ज्यांच्या हस्ते ती सुरू झाली, ते राजेंद्रप्रसाद वृत्तीने श्रद्धाळू होते. ११ मे १९५१ रोजी सोमनाथाच्या नव्या मंदिरात झालेल्या प्राणप्रतिष्ठेच्या सोहळ्यास, पंतप्रधान नेहरूंची नापसंती असूनही, ते उपस्थित राहिले होते. आणि ज्या राज्याच्या वतीने ते भिलाईस उभे होते, ते राज्य ना आस्तिक होते ना नास्तिक. देवाविषयीचे तीन निरनिराळे दृष्टिकोन त्या दिवशी एका भट्टीपाशी एकत्र आले, आणि तरीही कोणाचे कोणाशी भांडण झाले नाही. हे कसे घडू शकले, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करू. जेथे राज्याचा कायदा धर्मग्रंथातून निघतो आणि त्याचा अंतिम अर्थ सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे असतो, त्या राज्यपद्धतीस धर्मसत्ता म्हणावे. जेथे ईश्वर नाही हा सिद्धान्त राज्य स्वतःचा म्हणून स्वीकारते आणि प्रजेच्या मनात तो रुजविणे आपले कर्तव्य मानते, तिला नास्तिकसत्ता म्हणावे. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्या आगरकरांनी श्रद्धेवर बुद्धीचे कठोर प्रहार केले. पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. पण आगरकरांच्या पाठीशी पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. नास्तिक मनुष्य आणि नास्तिक राज्य यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर संत आणि धर्मसत्ता यांत आहे. विचाराच्या हाती दंड आला, की विचाराची जातच बदलते.

धर्मसत्तेचा मराठी मनाला जवळचा असलेला अनुभव गोमंतकातला आहे. पोर्तुगीज राजवटीत राजा आणि चर्च यांचे हात एकमेकांत गुंफलेले होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मपाखंडाची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचे, ठाणे बसले आणि मधला १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. साष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्या अंत्रुज महालात या दैवतांना आसरा मिळाला, तो त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता, ही गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे. १६८४ साली लोकांच्या कोकणी बोलीविरुद्ध फर्मान निघाले. १७३६ साली इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला, त्यात लग्नातील रूढी, गाणी, एवढेच काय, अंगणातली तुळसही सुटली नाही.

मात्र या न्यायासनाचा मुख्य रोख कोणावर होता? ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, त्यांच्यावर. बाहेरच्या हिंदूला जाच होताच. पण खरी धास्ती नव्या ख्रिस्ती झालेल्याला होती. त्याने जुनी रीत चुकून पाळली तर तो पाखंडी ठरे. धर्मसत्ता परक्याला छळते, पण आपल्या माणसावर तिची नजर अधिक बारकाईने असते. आणि याच गोव्यात फादर स्टीफन्स याने १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून प्रसिद्ध केले, हेही विसरता येत नाही. दंडाविना आलेला धर्म लोकांच्या भाषेत बोलू लागतो. दंड घेऊन आलेला धर्म त्या भाषेवर बंदी घालतो.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. १९१८ साली सोव्हिएट सरकारने चर्चची राज्यापासून आणि शाळेची चर्चपासून फारकत केली. एवढ्यावर ते थांबते, तर त्यात आक्षेपार्ह फारसे नव्हते. फ्रान्सने तेच १९०५ मध्ये केले होते. परंतु फारकतीनंतर विरोधाचा प्रचार आला. १९२५ साली लढाऊ नास्तिकांचा संघ निघाला. डिसेंबर १९३१ मध्ये मॉस्कोतील तारक ख्रिस्ताचे भव्य मंदिर सुरुंग लावून उडविण्यात आले. १९३६ च्या संविधानातील १२४ व्या कलमाने नागरिकांना उपासनेचे स्वातंत्र्य आणि धर्मविरोधी प्रचाराचे स्वातंत्र्य दिले. कलम वरवर निष्पक्षपाती दिसते. पण नीट वाचले की उणीव दिसते. आस्तिकाने पूजा करावी, प्रचार मात्र नास्तिकानेच करावा, असा त्याचा अर्थ होता. १९६७ साली अल्बानियाने याहून पुढे मजल मारली. दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्चे व इतर प्रार्थनास्थळे बंद करून त्याने स्वतःला जगातील पहिले नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतले.

या दोन पद्धतींची तुलना करताना त्यांतील विरोध आधी डोळ्यांत भरतो. खोलात गेल्यावर साम्य दिसते. दोघींनाही मनुष्याचे आचरण पुरेसे वाटत नाही, त्याचे अंतःकरण हवे असते. त्यामुळे दोघींनाही शाळा हवी, छापखान्यावर पहारा हवा, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याची बातमी द्यावी असे वाटते. लेनिनचे शव १९२४ पासून लाल चौकात जतन करून ठेवले गेले आणि त्याच्या दर्शनासाठी रांगा लागल्या. देवळे मोडणाऱ्या राज्यालाही तीर्थस्थान लागलेच.

तथापि साम्य दाखवून भेद पुसणे न्यायाचे होणार नाही. धर्मसत्तेत शासकापेक्षा जुना असा एक ग्रंथ असतो. शासकाला त्याच ग्रंथाचा आधार घेऊन जाब विचारता येतो. पण ग्रंथाचा अर्थ कोणी लावावयाचा, ही किल्ली मोजक्या हातांत राहते. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणने जी घटना केली, तीत बारा सदस्यांचे एक रक्षक मंडळ आहे. त्यातले सहा धर्मशास्त्री. निवडणुकीस कोण उभा राहील आणि कोणता कायदा टिकेल, हे ते ठरविते. नास्तिकसत्तेत असा जुना ग्रंथ नसतो. पक्षच ग्रंथ आणि पक्षच भाष्यकार. म्हणून तिचा सिद्धान्त एका रात्रीत बदलू शकतो. १९४३ साली, जर्मनांशी युद्ध चालू असता, स्टालिनने चर्चच्या धर्माचार्यांना भेटीस बोलावले आणि धर्मप्रमुखाची निवड करण्यास मुभा दिली. कालपर्यंतचे विष आज औषध ठरले. दुसरा भेद असा, की नास्तिकसत्तेचे आश्वासन याच लोकीचे असते: भाकरी, घर, पोलाद. ते खोटे ठरले तर हयातीतच कळते. धर्मसत्तेच्या आश्वासनाची फेड परलोकी असल्याने तिचा हिशेब कोणी तपासू शकत नाही.

भारतापुढे हे दोन्ही मार्ग होते काय? प्रश्न अगदीच काल्पनिक नव्हता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सरनाम्यावर चर्चा झाली, तेव्हा हरी विष्णू कामत यांनी त्याचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी उपसूचना मांडली. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. पुढे भिलाईचा कारखाना ज्या दुर्ग जिल्ह्यात आला, तो तेव्हा याच प्रांतात होता. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते. ईश्वराला मतदानास लावू नये, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मते मोजावी लागली. अनुकूल एक्केचाळीस, प्रतिकूल अडुसष्ट. उपसूचना फेटाळली गेली. पण हे बहुमत नास्तिकांचे नव्हते. विरोधी मत देणाऱ्यांत घरी देवपूजा करणारे पुष्कळ असतील. देव आहे हे मानणे वेगळे आणि राज्याने तो सर्वांच्या वतीने मानणे वेगळे, एवढाच विवेक त्यांनी केला. तोच विवेक शपथेच्या मसुद्यातही आहे. मंत्र्याने ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी; निवड त्याची. राज्य कान देते, मनात डोकावत नाही.

भिलाईच्या आजच्या वसाहतीत याच विवेकाचे रूप दिसते. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झाले. त्याआधीच भिलाई सगळ्या भारताचे गाव झाले होते. कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी कुटुंबांनी आपापले देव बरोबर आणले. सहाव्या सेक्टरात मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकाच परिसरात आहेत. सप्टेंबरात यंत्रांपुढे विश्वकर्म्याची पूजा होते. भट्टी नास्तिक राष्ट्राने दिली. तिच्याबरोबर त्याचा सिद्धान्त घ्यावा लागला नाही. उलट ज्या राष्ट्राने ती दिली, त्याच्याच राजधानीत उडवून दिलेले मंदिर पुन्हा बांधले जाऊन २००० साली उपासनेस खुले झाले. तोवर सोव्हिएट संघ इतिहासजमा झाला होता.

यावरून आपण निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. तटस्थ राज्याला ना धर्मगुरूंचा आधार असतो, ना पक्षाच्या पोथीचा. त्याचे बळ नागरिकांच्या संयमात असते, आणि संयम दर पिढीला नव्याने शिकावा लागतो. बहुसंख्यांना आपली श्रद्धा राज्याची व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. सुधारकाला इतरांची श्रद्धा राज्याने मोडावी असे वाटणेही स्वाभाविक आहे. दोन्ही इच्छांमागे सदिच्छा असू शकते. गोव्यातल्या न्यायासनाचाही हेतू आत्म्यांना तारण्याचाच होता आणि मॉस्कोतल्या सुरुंगामागेही मनुष्याच्या मुक्तीचेच स्वप्न होते. म्हणूनच राज्याचा हेतू किती थोर आहे हे पाहण्याआधी त्याचा हात कोठवर पोहोचतो हे पाहावे. उंबरठ्यापर्यंत त्याचा अधिकार. देवघर असो वा रिकामा कोनाडा, आतले ठरविणे घरच्यांकडे.