नोंद सुधारते कशी?

पवनी तालुक्यातल्या अड्याळची माहिती शोधू जाता गाठ पडते ती अड्यारशी. २००८ च्या पुनर्रचनेआधी भंडारा जिल्ह्यात या गावाच्या नावाने विधानसभेचा मतदारसंघ होता. निवडणुकीच्या इंग्रजी कागदांत मात्र त्याच्या शेवटच्या ‘ळ’चा ‘र’ झाला. चेन्नईतल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे अड्यारही इंग्रजीत तसेच लिहितात. ही दोन गावे वेगळी आहेत आणि आपले अड्याळ कोणत्या कागदात कोणत्या नावाने आले आहे, एवढे लिहिले तरी ज्ञानकोशातली नोंद सुधारते. नोंद सुधारणे म्हणजे मजकूर फुगवणे नव्हे. नोंदीतली वस्तू कुठून आली, कुणासाठी आली, कशी बदलली, हे पुराव्याने सांगणे.

मराठीत या कामाचा पाया विदर्भातच पडला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची उभारणी नागपुरात सुरू केली. पुढे पुण्याहून १९२० च्या दशकात त्याचे तेवीस खंड निघाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. छापील कोशातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राही. २००३ पासून मराठीत असलेल्या विकिपीडियावर ती त्याच दिवशी दुरुस्त करता येते, आणि कुणी काय बदलले याचा इतिहासही तिथेच राहतो. सोय वाढली तशी जबाबदारीही वाढली.

कोणी म्हणेल, गावाचे ठीक, पण प्रेमकथांच्या चित्रमालिकांवर एवढी मेहनत कशाला? रुमिको ताकाहाशींची ‘मेझोन इक्कोकु’ ही जपानी मांगा मालिका घ्या. कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत नापास झालेला भाडेकरू आणि घराची व्यवस्था पाहणारी तरुण विधवा यांची ही गोष्ट. कोण कुणावर रुसले, एवढ्यावरच नोंद संपली तर ती वाचकाच्या हाती काहीच देत नाही. पण ती १९८० ते १९८७ या काळात ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’मध्ये, म्हणजे मुलींच्या नव्हे तर तरुण पुरुषांच्या नियतकालिकात आली आणि तिचे पंधरा खंड झाले, हे कळताच तीच गोष्ट त्या समाजाबद्दल बोलू लागते. केतकरांनीही कोशाबरोबर कादंबऱ्या लिहिल्या. ज्ञान आणि गोष्ट यांत त्यांनी सोवळेओवळे पाळले नाही.

हीच कसोटी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना लावावी. धानकापणी आटोपली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात आणि प्रेमाची, घरसंसाराची नाटके रात्रभर रंगतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. एकेका नाटकाचा लेखक, कंपनी आणि साल मात्र शोधूनच काढावे लागते. यावर खरा आक्षेप असा की, छापील आधार नसताना लिहिले तर ऐकीव गोष्टींचा कोश होईल. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आधी आधार जमवायला हवा: नाटकाची हँडबिले, वृत्तपत्रांतल्या जाहिराती, कलावंतांच्या छापून आलेल्या मुलाखती. त्यांत सापडेल तेवढेच लिहावे. तीन ओळींची खरी नोंद पुढच्या माणसाला वाढवता येते. तीन पानांची ऐकीव नोंद आधी पुसावी लागते. अड्याळच्या नावातला ‘र’ही असाच, कागदाला कागद लावूनच निघेल.