एकर आणि येरझाऱ्या

वाघासाठी नवे आवार बांधायचे ठरले की पहिला प्रश्न विचारला जातो तो जागेचा. अर्धा एकर म्हटले की ऐकणारा हळहळतो, पाच एकर म्हटले की निश्चिंत होतो. जंगलात कित्येक चौरस किलोमीटर हिंडणारे जनावर, त्याला मोकळी जागा मिळाली की त्याच्या येरझाऱ्या थांबतील, असा हा पूर्वपक्ष. तो कळवळ्यातून आलेला आहे, आणि त्याच्या हाती पुरावाही आहे. रोझ क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की ज्या मांसाहारी जातींचा जंगलातला संचार मोठा, त्याच बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांचीच पिल्ले जास्त दगावतात. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही.

पण वाघ हिंडतो कशासाठी? नेपाळमधल्या चितवनात वाघिणीचे क्षेत्र साधारण २० चौरस किलोमीटर असते. रशियाच्या अतिपूर्वेकडील सिखोते-अलिनच्या डोंगरात ते ४०० च्या घरात जाते. दोन्हीकडे वाघच. फरक सावजाचा आहे. चितवनात हरणे दाट, म्हणून थोडक्यात भागते. तिकडे सावज विरळ, म्हणून बर्फातून मैलोन्‌मैल तुडवावे लागतात. सिखोते-अलिनची वाघीण चितवनच्या वाघिणीपेक्षा वीसपट सुखी आहे असे कुणी म्हणणार नाही. ते अंतर ही तिची हौस नव्हे, पोटासाठी पडलेली पायपीट आहे.

मग आयता खुराक मिळणाऱ्या वाघाला कोठडीही पुरेल का? मुळीच नाही. त्या पायपिटीत वाघ कितीतरी कामे करत असतो: दबा धरतो, दुसऱ्या वाघाने झाडावर सोडलेला वास हुंगतो, त्यावर आपली फवारणी करतो, आज कुठल्या सावलीत पडायचे ते ठरवतो. मेसन यांच्याच गटाने २०२३ मध्ये जुना प्रश्न पुन्हा तपासला. संचाराच्या नुसत्या विस्तारापेक्षा त्या जातीची भटकी राहणी, म्हणजे सतत मुक्काम हलवत राहण्याची सवय, येरझाऱ्यांचा अधिक चांगला उलगडा करते, असे त्यांना आढळले. वाघाच्या आवाराला हे लावून पाहिले तर माझ्या मते खुपते ते रोज तेच ठिकाण. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच बजावले होते की वन्य प्राण्याचे क्षेत्र म्हणजे मोकळे मैदान नव्हे. त्यात निजण्याची, पाण्याची, उन्हाची, टेहळणीची जागा ठरलेली असते, आणि बंदिवासात ती जागा कशी आहे याला ती किती आहे यापेक्षा जास्त मोल आहे.

एका प्राणिसंग्रहालयात मी दुपारभर एका वाघासमोर थांबलो होतो. आवार प्रशस्त होते. मध्ये तळे, भोवती कापलेले हिरवे गवत, तीन बाजूंना खंदक आणि खंदकापलीकडे माणसे. झाडे होती, पण बुंध्यांना पत्रे ठोकलेले, म्हणजे नखे पाजळायलाही सोय नाही. एवढ्या जागेत गवत मेलेला एकच पट्टा होता, मागच्या भिंतीलगत, तीसेक पावलांचा, थेट लोखंडी दारापर्यंत. वाघ त्याच पट्ट्यावर फिरत होता. दारापाशी एक दगड होता. तिथे तो दर वेळी उजवा पंजा त्याच खळग्यात टेकवून वळायचा. दारामागे मांस होते, सांभाळणारा माणूस होता, संध्याकाळ होती. उरलेल्या आवारात त्याला करण्यासारखे काहीच नव्हते, आणि लपायला एक झुडूपही नव्हते. हे आवार आणखी दुप्पट केले असते तर पट्टा तीसच पावलांचा राहिला असता.

शिवाय रात्रीचा हिशेब कुणी मांडत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मापांत वाघाच्या जोडीसाठी बाहेर किमान १००० चौरस मीटर सांगितले आहेत; आतली खोली मात्र किमान २.७५ बाय १.८० मीटर, म्हणजे जेमतेम पाच चौरस मीटर. संध्याकाळी पाचला आत आणि सकाळी नऊला बाहेर असा क्रम धरला, तर जे जनावर मुळात सांजेला, रात्री आणि पहाटे जागे असते त्याचे १६ तास त्या पाच चौरस मीटरांत जातात. बाहेरच्या एकरांचे कौतुक करताना ही खोली मला विसरता येत नाही.

मोकळ्या देखाव्याचे हे वेड हॅम्बुर्गजवळच्या श्टेलिंगनमधून आले. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये तिथे गज काढून खंदक आणले. गज गेले हे चांगलेच झाले, पण ती रचना बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी होती.

माझे म्हणणे असे की आहे तेवढ्याच जागेचे तीन तुकडे करावेत, त्यांना बोळांनी जोडावे, आणि आज या वाघाला जिथे सोडले तिथे उद्या दुसऱ्याला सोडावे. मागचा वास पुढच्याला वाचायला मिळेल. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात वाघ, ओरांगउटान आणि टॅपिर यांना एकाच आवारांच्या साखळीतून आळीपाळीने फिरवतात. फिलाडेल्फियात २०१४ पासून मोठी मांजरे पाहुण्यांच्या डोक्यावरून, सुमारे चौदा फूट उंचीच्या जाळीच्या बोगद्यातून जातात. वाघ झुडपात लपला तर लोक निराश होतील, ही भीती तिथेच फिटते: जागा बदलताना चालत जाणारा वाघ दिसतो, आणि तो कुठेतरी निघालेला असतो. बिबट्याच्या बाबतीत तर चौरस मीटर अपुरेच. त्याला उंची लागते, मचाण लागते, वरून खाली पाहता येणारी फांदी लागते.

मी पाहिलेल्या त्या आवाराचा नवा आराखडा तयार आहे. जागा वाढली आहे, तळे मोठे झाले आहे, मागच्या भिंतीत दार मात्र एकच दाखवले आहे, तिथेच. समोर आणि तळ्याच्या बाजूला आणखी दोन दारे काढायला हवीत. अजून काढता येतील. पाया खणायला सुरुवात झालेली नाही.