परंपरेचा वारसा आणि तरुण गळा



केरी नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत. तेरेखोलच्या मुखाशी वसलेली आपली पेडण्याची केरी, चोर्ला घाटाच्या पायथ्याची सत्तरीतील केरी आणि फोंडा तालुक्यातील केरी. यांपैकी फोंड्याच्या केरीत १३ जुलै १८९२ रोजी केसरबाई केरकर यांचा जन्म झाला. त्यांच्या आडनावाबरोबर ‘केरी’ हे नाव जगभर गेले. त्या कीर्तीचा लहानसा अंश आपल्याही वाट्याला येतो, असे मी मानतो. परंपरागत संगीत रंगमंचावर सादर करणारी तरुण मुले पाहून आज आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. मात्र त्या रंगमंचापर्यंतची वाट कोणी आणि कोणत्या किमतीने घडवली, याचा विचार क्वचितच करतो. आज तो करावा, असा माझा हेतू आहे.

जुन्या काबिजादीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली आणि कित्येक दैवतांना नदी ओलांडून अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे प्रदेश पोर्तुगीजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. या नव्या काबिजादीत देवळे टिकली आणि देवळांभोवतीची सेवाव्यवस्थाही टिकली. गायन, वादन आणि नर्तन हा त्या व्यवस्थेचा भाग होता, आणि ही सेवा जन्माने ठरत असे. विशिष्ट घरात जन्मलेल्या मुलीने गायचे आणि ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या घरातील मुलीने गायचे नाही, असा तो दुहेरी निर्बंध होता. समाजाने गाण्याला मान दिला. गाणारीला मात्र दिला नाही. आपल्या संगीतवैभवाचा अभिमान बाळगताना हे विसरणे म्हणजे अर्धाच इतिहास वाचणे होय.

केसरबाईंचे शिक्षण या पार्श्वभूमीवर पाहावे. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावी येत, तेव्हा त्यांच्याकडून त्यांनी तालीम घेतली. पुढे मुंबईत बरकतउल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन लाभले. अखेर १९२१ च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा त्यांनी बांधला. तेव्हा त्यांचे वय एकोणतीसच्या आसपास होते, आणि त्यानंतरही अनेक वर्षे त्यांनी नव्याने स्वरसाधना केली. १९४६ मध्ये खाँसाहेब निवर्तले, तोवर हे शिष्यत्व संपले नव्हते. मैफलीत दिसणाऱ्या त्या करारी तेजामागे एवढी दीर्घ प्रतीक्षा उभी होती. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ याने अवकाशात झेपावली, तेव्हा त्यांच्यावरील सुवर्ण तबकडीत भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका होती. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले.

या कीर्तीला आणखी एक बाजू आहे. केसरबाईंची कन्या डॉक्टर झाली, गायिका नव्हे. ज्या पिढीने गाण्याच्या बळावर प्रतिष्ठा मिळवली, तिला आपल्या लेकीसाठी गाण्याबाहेरची प्रतिष्ठा हवीशी वाटावी, यातली वेदना समजून घेतली पाहिजे. केसरबाई शिष्य करीत नसत; अपवाद केला तो कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींचा. परंपरा अशा रीतीने जन्माचे कुंपण ओलांडून गेली. मराठीचा अभ्यासक म्हणून मला इथे शब्दांचा प्रवास लक्षणीय वाटतो. ‘नायकीण’, ‘कलावंतीण’, मग ‘गायिका’ आणि आता ‘विदुषी’. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई यांच्यानंतर धोंडूताई, किशोरीताई अशी नावे येतात. ‘बाई’ हे संबोधन मुळात आदराचेच. परंतु गाणारीला ‘ताई’ म्हणून आपल्या घरात स्थान द्यायला समाजाला दोन पिढ्या लागल्या. गाणारी आधी मोठी झाली. शब्द तिच्या मागून आले.

असा अनुभव केवळ आपल्याच किनाऱ्याचा नाही. स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या शिक्षण कायद्याने गेलिक भाषेला शाळेत स्थान ठेवले नाही. त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे केसरबाईंच्या जन्मवर्षीच, ओबान गावी ‘मॉड’ नावाचा पहिला राष्ट्रीय गेलिक गायनमहोत्सव भरला. पुढे १९८१ मध्ये बॅरा या बेटावर मुलांना पारंपरिक गाणी आणि वाद्ये शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो गावोगाव पसरला. तेथील तरुण आज व्हायोलिन आणि बॅगपाइप घेऊन मोठ्या सभागृहांत उभे राहतात, त्यामागे असे ग्रामीण शिक्षण आहे. तेथे परंपरेवर अवहेलना लादली ती शाळेने. आपल्याकडे ती लादली समाजाने. दोन्हीकडे उपाय मात्र एकच ठरला. जे घरापुरते किंवा जातीपुरते उरले होते, ते मुलांना खुलेपणाने आणि शिस्तीने शिकवणे.

गोव्यात कला अकादमीच्या संगीत विद्यालयाने हेच कार्य केले आणि केसरबाईंच्या स्मृतीचा संगीत समारोहही रुजवला. घुमटाचे उदाहरण तर आपल्या अंगणातलेच आहे. चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि झांज वाजवणारी मुले आता स्पर्धेच्या मंचावरही दिसतात. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानंतर बकऱ्याचे कातडे आले. २०१९ मध्ये शासनाने घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. कातडे बदलले तरी वाद्य जगले, कारण ते वाजवणारे हात बदलत, वाढत राहिले. केवळ दर्जा मिळून कोणतेही वाद्य वाजत नसते.

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे आहे की, मंच हा शिक्षणाचा शेवट नव्हे आणि त्याचा पर्यायही नव्हे. आठव्या वर्षी आरंभ करणाऱ्या केसरबाई तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, हे ध्यानी असू द्यावे. आणि शाळेकडे एक लहानशी मागणी आहे. वार्षिक संमेलनाच्या पत्रिकेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलाच्या नावाशेजारी त्याला ते कोणी शिकवले, हेही छापावे; मग ते गुरुजी असोत, शेजारचे काका असोत वा घरातली आजी. ज्यांच्या कंठातून हे संगीत आपल्यापर्यंत आले, त्यांपैकी असंख्य स्त्रियांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत. ते ऋण आता फेडता येणार नाही. निदान यापुढे कोणाचे नाव आपल्या हातून गळू नये, एवढी दक्षता एका शाळेला घेता येईल.