बेतणारे आणि शिवणारे : वस्त्रव्यवसायातील कामांच्या नावांविषयी एक टिपण

वस्त्रव्यवसायाचा इतिहास सामान्यतः कापड, गिरण्या आणि व्यापार यांच्या आधारे लिहिला जातो. त्या व्यवसायात राबणाऱ्यांना समाजाने कोणती नावे दिली, याकडे त्या मानाने लक्ष जात नाही. वास्तविक कामाचे नाव हाही इतिहासाचा एक पुरावाच होय. कोणत्या कामास मान होता आणि कोणते काम कोणापासून अलग झाले, हे नावांवरून पुष्कळदा उमगते.

अमरकोशाच्या शूद्रवर्गात शिवणाऱ्यासाठी ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ हे दोन शब्द आढळतात. पहिल्याचा अर्थ फाटलेले सांधणारा. दुसरा सूचीवरून, म्हणजे सुईवरून साधलेला. पुढे फारसीच्या संपर्काने ‘दर्जी’ व ‘रफूगर’ हे शब्द आले. ‘दर्ज’ म्हणजे शिवण. संस्कृतातील तुन्नवाय आणि फारसीतील रफूगर यांच्या मुळाशी एकच काम आहे. ही सर्व नावे हाताच्या क्रियेवरून किंवा हत्यारावरून पडलेली आहेत. वस्त्राची कल्पना करणाऱ्यास त्यांत वेगळे नाव नाही. मराठीतील ‘शिंपी’ हा शब्द तर व्यवसाय आणि जात या दोहोंचा वाचक ठरला. काम कुळाकडून येई. ते निवडण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

तथापि कल्पनेचे अंग त्या कामात नव्हते असे मुळीच नाही. मराठीत कापड ‘बेतणे’ म्हणजे मापाबरहुकूम योजून कापणे. ‘बेत’ म्हणजे योजना. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला तरी व्यवहारात हे दोन अर्थ शेजारी नांदतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिंप्याच्या कात्रीत योजना आणि कृती एकत्र होत्या. फ्रेंचमध्येही रेखाटन या अर्थाचा ‘देसँ’ आणि हेतू या अर्थाचा ‘देसँ’ हे मुळात एकच. लेखनातील भेद पुढे स्थिरावला.

ही एकता कशी फुटली, हे पॅरिसच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १६७५ साली तेथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र व्यवसायसंघाची राजमान्यता मिळाली. त्यांचे नाव ‘कूत्युरियेर’. १८५८ साली चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने भागीदारासह रू द ला पे या रस्त्यावर दुकान थाटले. गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिवणाऱ्याने शिवावे, हा क्रम त्याने उलटविला. तो स्वतः नमुने योजी, ते स्त्रियांच्या अंगावर घालून दाखवी आणि वस्त्रात आपल्या नावाची पट्टी शिववी. त्यानंतरच्या काळात ‘कूत्युरिये’ या पुल्लिंगी रूपास कलावंताची प्रतिष्ठा लाभली. स्त्रीलिंगी रूप मात्र बव्हंशी शिवणारणीकडेच राहिले. एकाच धातूच्या दोन रूपांत बुद्धी आणि हात यांची अशी वाटणी झाली.

आपल्याकडे ही वाटणी उशिरा, पण तशीच झाली. मुंबईच्या शिंपीकामाच्या दुकानात कापड बेतणारा तो ‘मास्तर’, शिवणारा तो ‘कारागीर’. १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि ‘डिझायनर’ हे शिक्षणाने मिळणारे पद बनले. जातीचे बंधन त्यामुळे सैल झाले, हा लाभ लहान नव्हे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया चित्रकलेच्या शिक्षणातून नियतकालिकांतील वेशरेखाटनाकडे आणि तेथून चित्रपटाकडे वळल्या. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. ‘वेशभूषाकार’ या मराठी शब्दामागे आज अशी कीर्ती उभी आहे.

पण ज्या बाई घरी बसून नगावारी मजुरीवर काजे करतात, त्यांच्यासाठी भाषेने कोणते नाव राखले आहे? ‘काजे-बटणे करणारी’ असे वर्णन होते. नाव होत नाही. अमरकोशाने सुईला नाव दिले, मान दिला नाही. आपण मान बेतणाऱ्यास दिला आणि सुईचे नाव विसरत चाललो. दुकानांतील हे शब्द अद्याप बोलले जात आहेत तोवर ते ऐकून, टिपून ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.