सरकणारं मैदान: टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियम नेमकं चालतं कसं?

प्रीमियर लीगची मॅच आपल्यापैकी बरेच जण मोबाईलवरच बघतात, तीही रात्री उशिरा, कानात इअरफोन घालून. स्क्रीनवर हिरवंगार मैदान दिसतं, पण त्याच्याकडे आपलं लक्ष नसतं. लंडनमध्ये मात्र असं एक स्टेडियम आहे जिथलं मैदानच मला सगळ्यात भारी वाटतं. ते तीन तुकड्यांत वेगळं होतं, प्रेक्षकांच्या स्टँडखाली जाऊन बसतं आणि खालून दुसरंच मैदान दिसायला लागतं. आज आपण त्या टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियमची माहिती घेऊ.

थोडक्यात माहिती

- ठिकाण: टॉटनहॅम, उत्तर लंडन
- पहिली प्रीमियर लीग मॅच: ३ एप्रिल २०१९
- प्रेक्षकक्षमता: सुमारे ६२,८५०
- डिझाइन: पॉप्युलस ही आर्किटेक्ट कंपनी
- खर्च: सुमारे १ अब्ज पौंड
- मैदानं: दोन, एकावर एक

जुनं मैदान ते नवं मैदान

टॉटनहॅमचं जुनं घर म्हणजे व्हाईट हार्ट लेन. क्लब तिथे १८९९ पासून खेळत होता. पण तिथे जेमतेम ३६ हजार लोक मावायचे आणि तिकिटांना मागणी त्याहून कितीतरी जास्त होती. क्लबने लांब जाण्याऐवजी त्याच जागी, थोडं उत्तरेला सरकून नवं स्टेडियम बांधायला घेतलं. शेवटच्या सीझनमध्ये तर जुन्या स्टेडियमचा एक कोपरा पाडलेला होता आणि उरलेल्या भागात मॅचेस चालू होत्या! १४ मे २०१७ ला मँचेस्टर युनायटेडला २-१ ने हरवून टॉटनहॅमने त्या मैदानाचा निरोप घेतला.

नवं स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये उघडणार होतं. पण सुरक्षा यंत्रणेच्या तपासणीत अडचणी निघाल्या आणि तारीख पुढे ढकलावी लागली. तोपर्यंत टीम वेम्ब्लीवर, म्हणजे भाड्याच्या घरात. शेवटी ३ एप्रिल २०१९ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पहिली मॅच झाली. सोन हेउंग-मिनने इथला पहिला प्रीमियर लीग गोल केला, एरिक्सनने दुसरा, आणि टॉटनहॅम २-० ने जिंकलं.

दोन मैदानं कशाला हवीत?

मला विचाराल तर याचं उत्तर वेम्ब्लीवरच्या एका सोमवारी सापडतं. २८ ऑक्टोबर २०१८ ला तिथे एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली. दुसऱ्याच दिवशी त्याच गवतावर टॉटनहॅम आणि मँचेस्टर सिटी खेळले. मधोमध आदल्या दिवशीचा लोगो आणि रेषा दिसत होत्या, गवत उखडलेलं होतं. टीव्हीवर बघतानाही ते खटकत होतं. सिटी १-० ने जिंकली, पण चर्चा मैदानाचीच झाली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर याहून वाईट झालं. फुटबॉलच्या मॅचेस आणि कार्यक्रमांनी गवताची इतकी वाट लागली की तिथली एनएफएलची मॅच ऐनवेळी लॉस एंजेलिसला हलवावी लागली.

गवत सजीव आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्याला ऊन, हवा, पाणी आणि विश्रांती लागते. एनएफएलचे धिप्पाड खेळाडू जोर लावतात तेव्हा मुळं सुटतात. कॉन्सर्टसाठी वर प्लेट टाकल्या की खाली अंधार होतो आणि माती दाबली जाते. माती घट्ट झाली की मुळांना हवा मिळत नाही. असं मैदान वरून हिरवं दिसलं तरी पायाखाली सुटतं, आणि खेळाडूचा गुडघा किंवा घोटा धोक्यात येतो.

टॉटनहॅमने २०१५ मध्येच एनएफएलशी १० वर्षांचा करार केला होता, दरवर्षी किमान दोन मॅचेस. म्हणून डिझाइनमध्येच दोन मैदानं घेतली: वर फुटबॉलसाठी खरं गवत, खाली एनएफएल आणि कॉन्सर्टसाठी कृत्रिम गवत.

मैदान सरकतं कसं?

१. गवताचं मैदान लांबीच्या दिशेने तीन भागांत वेगळं होतं. प्रत्येक भागाचं वजन ३,००० टनांपेक्षा जास्त. एक एसटी बस दहा टनांची धरली, तर एका तुकड्यात तीनशे बसचं वजन झालं.

२. हे भाग इलेक्ट्रिक मोटरवर, रुळांवरून दक्षिणेकडच्या स्टँडखाली सरकतात. तीनच तुकडे का? कारण त्या अवाढव्य स्टँडला खालून मोठे खांब आहेत. अख्खं मैदान त्यांच्यातून जाणारच नाही, तुकडे मात्र जातात.

३. या कामाला साधारण २५ मिनिटं लागतात.

४. आत गवताची सोय असते. कृत्रिम दिवे आणि पाणी मिळत राहतं, म्हणजे वर कॉन्सर्ट चालू असताना गवत खाली जगत असतं.

एक बारकावा मला फार आवडतो. खालचं मैदान साधारण दीड मीटर खोल आहे. एनएफएलमध्ये रेषेबाहेर दोन्ही टीमचे कितीतरी खेळाडू आणि कोच उभे असतात. मैदान खोल असल्यामुळे पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांना त्यांच्या डोक्यांवरून खेळ दिसतो.

ही यंत्रणा शेफील्डच्या एससीएक्स कंपनीने बनवली. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टचं सरकतं छप्पर हेही याच कंपनीचं काम.

स्टेडियममध्ये तुमचा फोन

गर्दीत नेटवर्क का मरतं, हे आपल्याला गणपतीच्या मिरवणुकीत कळतंच. हजारो फोन एकाच वेळी मोजक्या टॉवरवर तुटून पडतात. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, ते वायफायचा सिग्नल शोषून घेतं. म्हणून इथे थोडे ताकदवान राउटर लावण्याऐवजी सुमारे १,६०० छोटे वायफाय पॉइंट पसरवले आहेत. प्रत्येकाने थोड्याच खुर्च्या सांभाळायच्या.

तिकीटही फोनमध्येच, एनएफसी वापरून. मेट्रो कार्डासारखा फोन टेकवायचा आणि आत जायचं. खाण्यापिण्याच्या स्टॉलवर सुरुवातीपासून कार्ड किंवा फोनच चालतो. त्यामुळे रांग भराभर पुढे सरकते, पण बॅटरी संपली की पंचाईत. जाताना पॉवर बँक विसरू नका.

फुटबॉल सोडून काय काय होतं?

- ६ ऑक्टोबर २०१९: पहिली एनएफएल मॅच. रेडर्सनी बेअर्सना २४-२१ ने हरवलं.
- २०२०: कोविडच्या काळात जवळच्या हॉस्पिटलचा महिलांचा बाह्यरुग्ण विभाग इथे हलवला होता.
- सप्टेंबर २०२१: बॉक्सिंगमध्ये उसिकने अँथनी जोशुआला हरवलं.
- २०२३: बियॉन्सेचे पाच शो.
- २०२४: दक्षिण स्टँडखाली इलेक्ट्रिक कार्टिंगचा ट्रॅक सुरू झाला.

गणित सोपं आहे. फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला साधारण २५-३०. उरलेले दिवस रिकामं राहिलं तर एवढं कर्ज फिटणार कसं?

याची किंमत कोण मोजतं?

इतकं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. स्टेडियमसाठी आजूबाजूची जागा घेतली गेली. पत्र्याचं काम करणारा एक कौटुंबिक कारखाना जागा सोडायला तयार नव्हता. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. आणि "वर्षभर चालणारं स्टेडियम" म्हणजे शेजाऱ्यांसाठी वर्षभराची गर्दी आणि आवाज. माद्रिदच्या बर्नाबेउमध्येही मैदानाचे तुकडे होऊन जमिनीखाली जातात. पण शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार लावून धरली आणि २०२४ मध्ये तिथले कॉन्सर्ट थांबवावे लागले. मैदान सरकवता येतं, शेजारी नाही.

आणि आपल्याकडे?

नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम घ्या. २०२२ मध्ये फेब्रुवारीत एएफसी महिला आशिया कपची फायनल, मग आयपीएल, आणि ३० ऑक्टोबरला मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपची फायनल. हे सगळं एकाच मैदानावर! क्रिकेटला मधोमध कडक मातीची खेळपट्टी लागते, फुटबॉलला तिथेही सलग गवत हवं. इथे रूळ नाहीत, मोटर नाहीत. हे जमवतात ते मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी, आणि त्यांच्या हाताशी असतात मधले मोजके दिवस.

पुढची मॅच बघताना एक करा. कॅमेरा वरून मैदान दाखवेल तेव्हा टॉटनहॅमच्या गवतातले दोन सांधे शोधा. मी बऱ्याचदा प्रयत्न केलाय, मोबाईलच्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत. दिसू नयेत यासाठीच तर एवढा खटाटोप आहे.